जास्तीचे चौदा टन

टाकीत पाणी जायचं थांबेना.

गोदीतल्या मोजणीच्या बाईंनी घड्याळ पाहिलं, मग काटा पाहिला. एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे माल वाहणारं हे नवं जहाज. इंधन भरण्याआधी टाकी पाण्याने भरून मोजायची, हा गोदीचा नियम. नकाशाप्रमाणे ती चारशे टनांवर भरायला हवी होती. पंप बंद झाला तेव्हा काटा चारशे चौदावर होता. गळती कुठेच नव्हती.

नकाशाशी न जुळणारी टाकी नापास. शिक्का बाईंच्याच हातात होता. पण चौदा टन पाणी मावलं तरी कुठे, हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडेना. टेप घेऊन त्या एकेक खोली मोजत निघाल्या. मालाची कोठी बरोबर. स्वयंपाकघर बरोबर. कप्तानाच्या खोलीचं दार उघडलं आणि समोरची भिंत जवळजवळ नाकालाच लागली. आत पलंग नव्हता, भिंतीला नुसता एक पट्टा होता.

"सापडली वाटतं चोरी," मागून कप्तान म्हणाले.

"निम्मी खोली टाकीला दिलीत? आणि झोपणार कुठे?"

"उभ्याने. तिकडे वजनच नसतं, उभं काय नि आडवं काय, सारखंच."

"मालकांना ठाऊक आहे?"

"मालाची जागा कमी झाली नाही ना, मग त्यांची हरकत नाही. नकाशा तेवढा बदलायचा राहिला."

"पण कशासाठी हे?"

कप्तान पट्ट्याशी चाळा करत राहिले. "मागच्या फेरीत, जुन्या जहाजावर असताना, एक बंद पडलेलं जहाज दिसलं. आत पाच माणसं. तिथे वेग आपोआप कमी होत नाही, बाई. थांबायलाही इंधन जाळावं लागतं. आमच्याकडे मुक्कामी पोचण्यापुरतं होतं. वाटेत थांबण्यापुरतं नव्हतं."

बाईंनी नकाशा भिंतीला टेकवला. चारशे खोडून चारशे चौदा लिहिलं आणि शिक्का मारला. निघाल्या, पण दारात पाय अडला.

"मग तुम्ही तसेच पुढे गेलात?"

"रेडिओ पोचत होता तोवर बोलत होतो. नऊ दिवस."

"काय बोलायचात?"

"त्यांनीच विचारलं, माल काय आहे. म्हटलं, बियाणं. तर म्हणाले, कसलं कसलं?" कप्तानांनी पट्टा हातातून सोडला. "अख्खी यादी वाचून दाखवली. संपली की म्हणायचे, पुन्हा वाचा."