अंगणातली चटई

फीलिपोच्या घराला भिंती नाहीत, नुसते खांब. त्यामुळे उठून बसल्या बसल्या त्याला अंगण दिसलं, आणि अंगणात भली मोठी, बारीक विणीची चटई डोक्यावरून ओढून बसलेली बाई. पुरतं उजाडलंही नव्हतं.

कोण ते सांगावं लागलं नाही. रस्त्यावर झेंड्याची मोटार उभी होती. नूरैनी, आग्नेय आशियातल्या देशांच्या संघाची राजदूत.

सामोआत माफी मागायची ती अशी. मेलेल्याच्या दारात चटईखाली बसायचं. घरच्या मुखियाने, म्हणजे आता फीलिपोने, चटई उचलली तर माफी. नाही उचलली, तर घरची पोरं काय करतील त्याचा नेम नाही. पोरं कोयते घेऊन खांबापाशी उभीच होती.

फीलिपोच्या धाकट्या भावाची, आसोची होडी एका मोठ्या जहाजाने उलटवली होती. जहाजाचा मालक एका देशातला, झेंडा दुसऱ्याचा, खलाशी तिसऱ्याचे; तिन्ही देश नूरैनीच्या संघातले. सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. वायरलेसवरची आसोची हाक बेटांच्या देशांनी मिळून चालवलेल्या ठाण्यावर पोचली होती. ठाण्याने ती जहाजवाल्या देशांकडे ढकलली, त्यांनी परत ठाण्याकडे. ही टोलवाटोलवी चालली होती तोवर आसो पाण्यात जिवंत होता. आता दोन्ही बाजूंचा करार व्हायचा होता: हाक ज्याला ऐकू येईल त्याने धावायचं. सह्या आज दुपारी, राजधानीत, आपियाला.

"तिच्यापुढे ते काय ठेवलंय?"

"कोळशाचं पोतं," तेउइला म्हणाली. ही त्याची थोरली बहीण. "दुकानातलं. हॉटेलवाले मांस भाजायला नेतात ना, तसलं."

पोरं खिदळली.

"दात काढू नका. पूर्वी चटईखाली बसणारा जळण आणि दगड घेऊन यायचा. घ्या, हवं तर आम्हाला भाजून खा, म्हणून. आजोबा सांगायचे. आपण विसरलो, हिने कुठून शोधून काढलं कोण जाणे. लाकूड मिळालं नसेल बिचारीला."

जहाज त्या बाईच्या स्वतःच्या देशाचं नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. ज्यांनी ज्यांनी कानांवर हात ठेवले, त्या सगळ्यांचा दोष तिने आपल्या एकटीच्या मानेवर घेतला होता.

"मग उचलू म्हणतेस, ताई?"

इथे बहिणीचा शब्द भाऊ मोडत नाही. म्हणूनच तेउइलाने तो दिला नाही. "मी काही म्हणत नाही. तुझं तू ठरव."

"आणि आपल्यातला तो? ठाण्याचा साहेब, इनोके? फुलं घेऊन आला, चौकशी चालू आहे म्हणाला, पोटभर जेवून गेला. हिची चटई उचलली की तोही सुटला."

"तो सहीसाठी कोटाला इस्त्री करत असेल."

ऊन चढलं. गावातली माणसं येऊन रस्त्याच्या कडेला बसली. चटई जागची हलली नाही. त्या उन्हात तिच्याखाली काय होत असेल, या विचाराने फीलिपोला बसवेना. इनोकेवरचा राग त्याने हिच्यावर का काढावा? त्याने पोरांना कोयते खाली ठेवायला लावले, अंगणात उतरला आणि दोन्ही हातांनी चटई उचलली.

खाली दोघं होती. पुढे नूरैनी, घामाने निथळत. आणि तिच्याआड, कपाळ गवताला टेकवून, इनोके.

"जहाज यांच्याकडचं होतं," तो तसाच म्हणाला. "पण हाक आमच्याकडे आली होती. ती आम्हीच ढकलली."

फीलिपोला 'आत या' म्हणायचं होतं. उभ्याने ते त्याला म्हणवेना. चटई छातीशी धरून तो त्या दोघांसमोर गवतावर बसला.