खात्रीची कंपनी

सुपडूचं घर वरातीच्या घोडीवर, मोगरीवर चालायचं. विम्याची कुठली कंपनी पैसे बुडवत नाही, हे विचारायला तो मोगरीला घेऊनच भेस्तानला टांगेवाल्या योगराजकडे गेला. योगराजला मेलेल्या तीन घोड्यांचे विम्याचे पैसे मिळाले होते.

"माझीच कंपनी धर, भाऊ. महिन्याच्या आत पैसे हातात."

"तिन्ही घोडे आजारी पडले होते का?"

"म्हातारे झाले होते," योगराज हसला. "औषध मीच चारलं. ढोरांच्या डॉक्टरलाही कळत नाही. तुझी थकली की ये माझ्याकडे."

 तेवढ्यात योगराजनं लाडानं गुळाचा खडा पुढं केला आणि मोगरीनं तो तोंडात घेतला. सुपडूनं तिच्या जबड्यात हात घालून खडा बाहेर काढला.