इंदूबाईचं विरजण

शलाकाने म्हशीच्या तोंडाजवळ मीटर धरला. रवंथ करता करता म्हशीने ढेकर दिला, तरी मिथेनचा आकडा शून्याच्या आसपासच राहिला.

मिथेन अडवणारे ते जिवाणू प्रयोगशाळेत गेल्या वर्षी फ्रीझर बंद पडून मेले. ते तयार करणारी शलाकाची आई, डॉ. इंदुमती, त्याआधीच गेली होती. आता कुठे जिवंत असलेच, तर म्हशींच्या पोटातच.

"गोदाक्का, हिला काय चारता?"

गोदाक्काने फळीवरची बरणी दाखवली. "पेंडीत चमचाभर हे. वरच्या आळीच्या शेवंतानं दिलं, तिला तिच्या बहिणीनं. इंदूबाईचं विरजण म्हणतात."

"कोण इंदूबाई?"

"कुणाला ठाऊक. असंल कुणाची तरी सासू."

शलाकाला हसू आलं. परवानगी न घेता गावोगाव या जिवाणूंच्या बरण्या वाटल्या म्हणून आईला नोटीस आली होती. 'विरजण कुलपात ठेवलं, तर उद्या दही कसं लागणार?' एवढंच उत्तर तिने लिहिलं होतं.

"थोडं मिळेल?"

"न्या की. पण मागंल त्याला द्यायचं. विरजणाला नाही म्हणत नसतात."

"माहीत आहे," शलाका म्हणाली. "ही रीत माझ्या आईचीच."