काळ्या पडद्यातली खुर्ची

फोटो स्टुडिओवाल्याच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. स्टुडिओवाल्याचा कॉम्प्युटर भर कामात बंद पडला आणि पडदा काळाठिक्कर झाला. लेकीच्या लग्नाचे सगळे फोटो त्यातच होते, दुसरीकडे एकही नव्हता.

"हात लावू नकोस म्हणालो होतो ना, अकलेच्या कांद्या!" तो धाकट्या भावावर खेकसला.

"दादा, मी नुसता चालू केला." धाकट्याने डबा उघडला, आतली रॅमची पट्टी काढून खोडरबराने घासली आणि परत बसवली. पंखा फिरला, पण पडदा काळाच.

"आता प्लग काढ आणि दूर हो!"

धाकट्याने दाराजवळचा प्लग उपसला. तेवढ्यात स्टुडिओवाल्याला काळ्या काचेत दिसलं, की धाकटा त्याच्या शेजारी खुर्चीत बसून कीबोर्ड बडवतोय. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ऊठ त्या खुर्चीतून!"

"कोणाला म्हणतोस, दादा?" धाकटा दारातून म्हणाला.

खुर्ची रिकामी होती. काचेतल्या धाकट्याने मात्र बोटं थांबवली, मान वर केली आणि अगदी स्टुडिओवाल्यासारखे डोळे वटारून दाराकडे पाहिलं.

धाकटा त्याच आठवड्यात, शुक्रवारी दुपारी वारला.