सहा सेकंद

"ते सहा सेकंद रिकामे आहेत. तिथे संगीत टाका," चॅनलचे सदाफुले तिसऱ्यांदा म्हणाले.

आमच्या कार्टून मालिकेतली राक्षसीण, गावकऱ्यांनी तिचं पिल्लू मारलं म्हणून, गाव जाळायला निघते. वेशीवर थांबते, स्वतःशीच बोलते आणि बोलता बोलता सहा सेकंद गप्प होते. असं स्वगत लिहायला मी एका जुन्या नाटककाराकडून शिकले. माझे वडील त्याच्या नाटकांना विंगेत प्रॉम्प्टर होते. नट वाक्य विसरला की ते हळूच पुढचा शब्द पुरवत. स्वगतात कुणी थांबला की मात्र वही मिटून घेत. म्हणत, "तो अडलेला नाही, विचार करतोय. आपण मध्ये पडायचं नाही."

"संगीत नाही टाकणार," मी म्हणाले. "आधी मुलांना दाखवू."

शाळेच्या हॉलमध्ये साठेक मुलं बसली. राक्षसीण वेशीवर आली, बोलली, गप्प झाली. सदाफुले ऑपरेटरला भाग पुढे सरकवायची खूण करू लागले. मी ऑपरेटरच्या लॅपटॉपसमोर उभी राहिले.

पुढच्या रांगेतली एक मुलगी उठली आणि पडद्याकडे बघून म्हणाली, "नको ना जाळूस."

"जाळ," मागून एक मुलगा म्हणाला. "त्यांनीच आधी मारलं."

बघता बघता अख्खा हॉल राक्षसिणीला समजावू लागला.

मी सदाफुल्यांकडे वळले. "सांगा, यातल्या कुणाच्या आवाजावर संगीत टाकू?"