क्रीम चीजचं फडकं

"दोरीवरचं फडकं मले विचारल्याबिगर घेत नको जाऊ," असं रुखमाबाईनं सुनेला बजावलं होतं. ममतानं ते कानाआड केलं. लहानग्या सम्यकचं वजन वाढत नव्हतं, म्हणून मोबाइलवर पाहून तिला घरच्या दह्याचं क्रीम चीज करायचं होतं. संध्याकाळी तिनं दोरीवरच्याच एका मऊ फडक्यात दही बांधून टांगलं. सकाळी निथळलेल्या गोळ्यात मीठ अन् साय घालून घोटलं आणि पोळीला लावलं. सम्यकनं बोटंसुद्धा चाटली.

ओट्यावरचं फडकं पाहून सासू थबकली. "हे तं माह्या संघदीपचं हाय. फवारणीच्या वक्ती तोंडाले बांधाचं."

ममतानं पोराला जवळ ओढलं. "आई, पोरानं खाल्लं ना ह्यातलं."

"भेऊ नको वं. माह्या जुन्या लुगड्याचं कालच फाडलं, धुतलं. एकदाबी बांधलं नाही त्यानं."

ममताचा जीव भांड्यात पडला. पोराला उराशी धरून ती नवरा गेला त्या शेताच्या वाटेकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "मग आज ते फवाराले तोंडाले काय बांधून गेले?"

तुमच्या घरचं कोणी आज पऱ्हाटीत, कपाशीच्या रानात, फवारायला गेलं असेल, तर हे वाचणं ठेवा बाजूला. आधी त्याला पाहून या.