शेकाचा दोष

प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी मुन्नालालने नागपूरला रेडिएशनचे शेक घेतले आणि काही महिन्यांनी त्याच्या लघवीतून रक्त जाऊ लागलं. त्याची बायको रामबाई; तिला धाकटा दीर लोकेंद्र चारचौघांत म्हणाला, "येवढी तिखट चटणी काऊन चारली भाऊले, वहिनी?" तेव्हापासून मुर्री गावात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, बाईनेच नवऱ्याची वाट लावली.

वर्षभराने डॉक्टरांनी मुन्नालालची जनुकीय तपासणी केली. "शेक न सोसण्याचा दोष यांच्या रक्तात जन्मापासून आहे. भावात, मुलांतही असू शकतो. जेवणाचा काही संबंध नाही," ते म्हणाले. रामबाईने हे सोबत आलेल्या लोकेंद्रसमोर डॉक्टरांकडून दोनदा वदवून घेतलं.

परतताना गोंदियाला उतरल्यावर लोकेंद्र हळूच म्हणाला, "वहिनी, हे गावात नोका सांगू. परवा रुचीले पाहाले पाहुणे येऊन राहिले. खानदानाच्या रक्तातच खोट हाय म्हणून उठून जातीन. तुमचीच पोरगी हाय."

पाहुण्यांनी चहा घेता घेता मुन्नालालच्या दुखण्याचं विचारलं. लोकेंद्रने मान खाली घातली.

"माहीच चुकी झाली जी," रामबाई म्हणाली.